पाणी कोण सोडतं? (एका राफ्टिंग ट्रिपचं प्लॅनिंग)

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र पक्का केलाय.

सेमिस्टर संपलं की कुणीतरी म्हणतंच, "चला, राफ्टिंगला जाऊ!" आमच्याकडेही तेच झालं. जळगावचे आम्ही तिघं भावंडं आणि धुळ्याचे दोन मामेभाऊ. मी खर्चाचा तक्ता पप्पांपुढे ठेवला आणि व्हायवाच सुरू झाला. पहिला प्रश्न, "तिथे पाणी कोण सोडतं?" मी गप्प.

प्रश्न उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी धुळ्याजवळ पांझरेच्या एका बंधाऱ्यावर आम्ही गेलो होतो. वरून पाणी सुटलं होतं, पण आम्ही कुणी चौकशीच केली नाही. मोठ्या मामेभावाने, दादाने, उडी मारली. पोहण्यात तो आमच्यात पहिला. तरी भिंतीपाशी तो गोल गोल फिरत राहिला. पप्पांनी दोर टाकून त्याला ओढलं. तेव्हापासून आजीचं एकच वाक्य, "पानीसंगे मस्करी नको करू, माय."

असं का झालं, ते मला फ्लुइड मेकॅनिक्स शिकताना कळलं. फड पद्धतीच्या सिंचनासाठी पांझरेवर शेकडो वर्षांपासून बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जातं, पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळतं. माणूस या चक्रात सापडतो. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे असल्यामुळे तरंगणंही अवघड. वरून मात्र सगळं शांत दिसतं.

आता पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही निवडली रायगड जिल्ह्यातली कोलाडची कुंडलिका नदी. गंमत म्हणजे तिथलं बरंचसं पाणी मुळशीचं! मुळा नदी खरं तर पूर्वेकडे वाहते. पण मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला, सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे वीजघर 1927 साली सुरू झालं. त्याआधी 1921 मध्ये याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला होता. वीज करून झालेलं पाणी खाली नदीत सोडतात, त्यावर राफ्ट चालतात. म्हणजे आपली वेळ वीजनिर्मितीवर ठरते, आपल्या बसच्या टाइमटेबलवर नाही.

यावरून निघालेले मुद्दे असे:

1) पाणी साधारण सकाळी सुटतं. म्हणून रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल, मग मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड, आणि त्या रात्री तिथेच मुक्काम. आदल्या दिवशी फोन करून पाणी सुटणार का, हे विचारायचंच.

2) रॅपिड्सच्या 1 ते 6 अशा श्रेणी असतात. कुंडलिकेवर बहुतेक 2 आणि 3. नवख्यांना एवढं पुरे.

3) प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून राफ्टमधून पडलात तर उभं राहू नका, पाय दगडात अडकतो. पाठीवर तरंगा, पाय पुढे आणि वर ठेवा.

4) लाइफ जॅकेट खांद्यापाशी धरून कुणालातरी वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळा. हेल्मेट सगळ्यांना हवं. दोराची पिशवी आणि सोबतीला कयाक आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

5) दमा, फिट्स, हृदयाचा त्रास गाइडपासून लपवू नका.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र मला पुस्तकात सापडला नाही. तक्त्यात मी पाचही नावं लिहिली होती. दादा हसत "येतो ना" म्हणाला, पण ॲडव्हान्स भरायच्या दिवशी त्याने फोनच उचलला नाही. माझा भाऊ त्याला "घाबरट" म्हणाला. पप्पा म्हणाले, "बुडताना पाणी त्याने पाहिलंय, तू नाही." मला स्वतःची लाज वाटली. मी त्याला एकदाही खरं विचारलं नव्हतं. मग मीच फोन केला, "दादा, राफ्टमध्ये नको बसू, पण चल." तक्त्यात नवा कॉलम काढला: काठावर.

जानेवारीत गेलो. गाइडने शिकवलेले फॉरवर्ड, बॅक, स्टॉप सगळे विसरून मी नुसती ओरडत होते. उतरायच्या ठिकाणी दादा आमचे कोरडे कपडे आणि गाडीची चावी घेऊन उभा होता. आधी त्याने डोकी मोजली, मग फोटो काढला.

तुम्हीही ट्रिप ठरवाल, तेव्हा दोन प्रश्न आधी विचारा. पाणी कोण सोडतं? आणि आपल्यात "नाही" म्हणायचंय, पण म्हणता येत नाहीये, असं कोण आहे?