गुडघेदुखी कमी होईल, कूर्चा वाढणार नाही

इंजेक्शन घेतलं की गुडघ्याची झिजलेली कूर्चा पुन्हा वाढते, असं कुणी सांगितलं तर पैसे मोजायची घाई करू नका. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत थरात रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात, त्यामुळे त्वचेची जखम भरते तशी ती भरत नाही. शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच हे नोंदवलं होतं. भक्कम पुरावा मिळाला तो २०१६ मध्ये, डॅनिश संशोधकांकडून. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या शरीरातही उतरला (बॉम्बचा एवढा तरी उपयोग झाला!). त्याच्या प्रमाणावरून ऊती कधी घडली ते कळतं. तो मोजल्यावर दिसलं, की गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजन वाढीच्या वयातच घडतं. पुढे त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, स्वीडनमध्ये तर रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्या. खरं आहे, १९९४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण तो उपाय मुख्यतः दुखापतीने कूर्चेला एका जागी खड्डा पडलेल्या तरुण गुडघ्यासाठी आहे, साठीत सगळीकडून झिजलेल्या सांध्यासाठी नाही. ‘पण मला पीआरपीने (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स भरपूर असलेल्या द्रवाच्या इंजेक्शनने) आराम पडला’ हा आक्षेप जास्त वजनदार. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना पीआरपी दिलं, काहींना नुसतं सलाइनचं पाणी. वर्षभराने वेदनेत आणि कूर्चेच्या आकारमानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. आराम खोटा नसतो, पण तो कूर्चा वाढल्याचा पुरावाही नसतो. कूर्चेला मज्जातंतूच नाहीत. दुखतं ते हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायू. म्हणूनच एक्स-रे तोच राहूनही दुखणं कमी होऊ शकतं.

आपल्या हातात आहे ते हे दुखणं कमी करणं. चालण्याने गुडघा आणखी झिजेल ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी आहे. दाब पडतो आणि सुटतो तेव्हा स्पंजासारखी कूर्चा सांध्यातल्या द्रवातून पोषण ओढून घेते. बसून राहिलात तर ते घटतं. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि निदान तीन महिने नेटाने करा. मात्र गुडघा अचानक सुजून गरम झाला, ताप आला किंवा गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकून बसला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.