वीरकथेतील प्रतिनायक
('क्रिश ३' या चित्रपटाच्या निमित्ताने)

वीरकथेची गोडी लहानथोर सर्वांसच असते. आजीच्या तोंडून ऐकलेली लंकादहनाची कथा असो, की पडद्यावर पाहिलेला, इमारतीवरून इमारतीवर झेप घेणारा मुखवटाधारी वीर असो, ऐकणाऱ्याच्या व पाहणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु एकाच वीराच्या दोन कथांपैकी एकीने मन तृप्त होते आणि दुसरीने ते रिकामेच राहते, असाही अनुभव पुष्कळांस येतो. वीर तोच, त्याचे बळ तेच. मग उणे पडते कोठे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे, की वीरकथेचे वजन त्यातील शत्रू ठरवितो आणि शत्रूचे वजन त्याचा हेतू ठरवितो.

उदाहरणार्थ, आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांस ठाऊक असलेली एक चित्रपटमालिका घेऊ. राकेश रोशन यांनी २००३ साली 'कोई मिल गया' हा हिंदी चित्रपट काढला. त्यात रोहित नावाच्या मंदबुद्धी मुलास परग्रहावरील 'जादू' या प्राण्याकडून अद्भुत शक्ती प्राप्त होते. २००६ साली 'क्रिश' आला. त्यात रोहितचा मुलगा कृष्णा मुखवटा धारण करून लोकांचे रक्षण करू लागतो. पुढे १ नोव्हेंबर २०१३ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, 'क्रिश ३' प्रदर्शित झाला. बापलेकांच्या दोन्ही भूमिका हृतिक रोशन यांनीच केल्या. चित्रपटाने त्या वर्षी गल्लाही मोठा जमविला आणि मुंबईच्या कारागिरांनी संगणकावर रचलेली दृश्ये पाहून प्रेक्षक थक्क झाले. तथापि कथा म्हणून पाहता हा उत्तरभाग आधीच्या भागाहून फिका आहे, असे आमचे मत आहे. त्याची कारणे पाहू.

आधीच्या भागातील दुष्ट पुरुष म्हणजे डॉक्टर सिद्धांत आर्य. भविष्यकाळ दाखविणारे यंत्र त्यास हवे असते. ते यंत्र रोहितवाचून चालणारे नसल्यामुळे तो रोहितला वर्षानुवर्षे बंदीत ठेवतो. अखेर त्याच यंत्रात त्यास काय दिसते? तर मुखवटाधारी वीराच्या हातून होणारा स्वतःचाच मृत्यू. येथे आपणांस लगेच कंसाची आठवण होते. देवकीचा आठवा पुत्र आपला काळ होणार, ही आकाशवाणी ऐकल्यावर कंसाने जे जे केले ते क्रूर खरे, परंतु ते का केले हे लहान मुलासही सांगावे लागत नाही. मरणाचे भय सर्वांस ठाऊक आहे. भयाने आंधळा झालेला मनुष्य जे टाळू पाहतो तेच स्वतःच्या हाताने ओढवून घेतो, हा त्या कथेचा गाभा आहे. २००६ च्या चित्रपटात या जुन्या गाभ्याचा अंश उतरला होता, म्हणून तो साधा असूनही मनात राहिला.

आता 'क्रिश ३' मधील काल पाहा. हा पुरुष मानेपासून खाली लुळा आहे. हाताची दोन बोटे तेवढी हलतात. पण मनाच्या बळावर तो जड वस्तू उचलतो व फेकतो. आपल्या प्रयोगशाळेत मनुष्य आणि पशू यांच्या मिश्रणातून तो विचित्र सेवक निर्माण करतो, रोगाचे जंतू पसरवितो आणि त्यावरील औषध विकून धन मिळवितो. विवेक ओबेरॉय यांनी ही भूमिका मनापासून केली आहे. शक्ती म्हणाल तर आर्यापेक्षा कितीतरी अधिक. तरीही हा शत्रू आपल्या मनाची पकड घेत नाही.

आमच्या मते चूक अशी झाली, की कालाजवळ एक फार मोठे कारण होते आणि कथाकाराने ते हाती येऊनही वाया घालविले. बुद्धी अचाट, पण देह लुळा. स्वतःच्या जन्माचे मूळ ठाऊक नाही. अंगास जुळणारी मज्जा मिळेल तर आपण उठून चालू ही एकच आशा. अशा मनुष्याविषयी कोणास कणव वाटणार नाही? पुढे असे उघड होते, की आर्याने रोहितच्या शरीरातील बीजद्रव्यापासूनच यास निर्माण केले होते. म्हणजे रोहित याचाही पिता, आणि कृष्णा याचा भाऊ! एका मुलास पित्याचे प्रेम, नाव व घर मिळाले. दुसऱ्यास यांपैकी काहीच मिळाले नाही. येथून केवढी कथा उभी राहिली असती! सूर्यपुत्र कर्णास आपले जन्मरहस्य कळते त्या प्रसंगावर व्यासांनी काय उभारले, ते आठवावे. परंतु या चित्रपटात ते रहस्य काही क्षणांत सांगून होते. काल पित्याच्या देहातील मज्जा ओढून घेतो, उठून उभा राहतो आणि मुंबईच्या इमारती पाडू लागतो. देह बरा व्हावा ही त्याची इच्छा तर पूर्ण झाली. मग नगराचा विध्वंस कशासाठी? या 'कशासाठी'चे उत्तर कथेत मिळत नाही. शेवटची मारामारी हवी, म्हणून ती होते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की त्याच चित्रपटात काया नावाची एक पात्र आहे, ती पुष्कळच सरस उतरली आहे. सरड्याप्रमाणे रूप पालटणारी ही कालाची दासी कृष्णाच्या पत्नीचे रूप घेऊन त्याच्या घरी राहते. तेथे तिला प्रथमच माया मिळते, आणि ती खोट्या रूपातून खरोखर पालटू लागते. तिच्या हेतूत बदल होतो आणि तो का होतो हे आपण पाहतो. त्यामुळेच कालाच्या हातून तिचा अंत होतो तेव्हा प्रेक्षकास हळहळ वाटते. धन्यापेक्षा दासीची व्यक्तिरेखा जिवंत झाली, याचे कारण इतकेच की तिला मन दिले गेले.

हा विचार परका नव्हे, हे दाखविण्यासाठी आता आपल्याच नदीच्या काठी येऊ. पुलगावाहून वर्धेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने आर्वीकडे गेले, म्हणजे पलीकडच्या तीरावर अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर लागते. तेच रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे आणि तेथून दरवर्षी पालखी पंढरपुरास जाते. रुक्मिणीहरणाची कथा आपल्या भागात कोणास ठाऊक नाही? परंतु त्या कथेतील रुक्मीकडे, म्हणजे रुक्मिणीच्या थोरल्या भावाकडे, आपले लक्ष क्वचितच जाते.

रुक्मी हा विदर्भराज भीष्मकाचा पुत्र. बहिणीचा विवाह चेदिराज शिशुपालाशी करावयाचे त्याने ठरविले होते. त्या काळच्या रीतीने पाहता तो घराण्याच्या शब्दाचा रक्षक होता. निदान तो स्वतःस तसे समजत होता. कृष्णाने रुक्मिणीस रथात घालून नेले तेव्हा, 'कृष्णास मारून बहिणीस परत आणीन, तोपर्यंत कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही,' अशी प्रतिज्ञा करून तो धावला. युद्धात त्याचा पराभव झाला. कृष्णाने खड्ग उगारले, परंतु रुक्मिणीने भावाच्या प्राणांची भीक मागितली. भागवतात सांगितले आहे, की कृष्णाने त्याचे केस व मिशा कापून त्यास विरूप केले आणि सोडून दिले. या अपमानाबद्दल बलरामाने कृष्णासही बोल लावला. प्रतिज्ञाभंग झालेला रुक्मी घरी परतला नाही. त्याने भोजकट नावाचे नगर वसविले आणि तो तेथेच राहिला.

आता या कथेचा उत्तरभाग पाहा. महाभारताच्या उद्योगपर्वात रुक्मी सैन्य घेऊन पांडवांकडे येतो आणि 'भय वाटत असेल तर मी साहाय्य करीन,' अशा गर्वाने बोलतो. अर्जुन त्याचे साहाय्य नाकारतो. तो दुर्योधनाकडे जातो, दुर्योधनही नाकारतो. एवढ्या मोठ्या युद्धात दोन्ही पक्षांना नकोसा झालेला हा राजा किती एकाकी असेल! भागवतात तर आणखी चमत्कार आहे. बहिणीला बरे वाटावे म्हणून रुक्मी आपली कन्या कृष्णपुत्र प्रद्युम्नास देतो आणि नात अनिरुद्धास देतो. सोयरीक झाली, पण वैर गेले नाही. अनिरुद्धाच्या विवाहात तो बलरामाशी द्यूत खेळतो, जिंकलेला डाव नाकारतो, यादवांस गुराखी म्हणून हिणवितो, आणि बलरामाच्या हातून मारला जातो.

विद्यार्थी मित्रहो, या दोन उत्तरभागांची तुलना करा. रुक्मीजवळ मनाने वस्तू उचलण्याची शक्ती नाही, विचित्र सेवकांची सेना नाही. त्याच्याजवळ एक मोडलेली प्रतिज्ञा आहे, कापलेल्या मिशांचा अपमान आहे, आणि बहिणीवरील प्रेमही आहे. वर्षे लोटली तरी कथाकार हे काही विसरत नाही. शेवटचा द्यूताचा प्रसंग वरकरणी क्षुल्लक, परंतु त्यामागे उभ्या आयुष्याचा सल आहे. म्हणून तो खरा वाटतो.

प्राचीन शास्त्रकारांनीही ही गोष्ट ओळखली होती. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायकाची लक्षणे दिली आहेत. तो लोभी, हट्टी, पापकर्मी व व्यसनी असतो हे खरे; पण त्याबरोबरच त्यास 'धीरोद्धत' म्हटले आहे. म्हणजे तो उद्धत असला तरी त्याच्या ठिकाणी धैर्य हवे. भ्याड किंवा पोकळ शत्रूवर मिळविलेला विजय नायकास शोभत नाही. पैलवानाची कीर्ती त्याच्या जोडीवर अवलंबून असते. पोरासोरास चीत करणाऱ्याच्या डोक्यावर कोणी फेटा बांधीत नाही.

मराठी रंगभूमीवरील एक उदाहरण द्यावयाचे, तर राम गणेश गडकरी यांच्या 'भावबंधन' नाटकातील घनश्यामाचे देता येईल. हे नाटक गडकऱ्यांनी आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे आजारपणात लिहून पुरे केले आणि तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचा अंत झाला. घनश्यामाची भूमिका चिंतामणराव कोल्हटकरांनी गाजविली. हा घनश्याम कपटी आहे, सूड घेणारा आहे. परंतु लतिकेने त्याचा केलेला अपमान आपण ऐकलेला असतो. म्हणून त्याचे कारस्थान पाहताना प्रेक्षक त्याचा तिरस्कार करतो आणि त्याच वेळी मनात म्हणतो, 'आपणही कोणास असे बोललो नाही ना?'

येथे चतुर विद्यार्थी शंका काढील, की शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' नाटकातील इयागोचे काय? देवलांनी १८९० साली 'झुंजारराव' या नावाने ज्याचे मराठी रूप केले, त्या नाटकातील या दुष्टाचा हेतू निश्चित कोणता, याविषयी टीकाकारांत वाद आहे. बढती दुसऱ्यास मिळाली हा राग पुरेसा आहे काय? शंका योग्य आहे. परंतु इयागोचे मन नाटककाराने झाकून ठेवलेले नाही. तो स्वतःशी बोलतो, कारणे शोधतो, एक सोडून दुसरे धरतो. द्वेष आधी आणि कारण मागाहून, असेही मनुष्य असतात, हेच तेथे दाखविले आहे. हेतू गूढ असणे निराळे आणि हेतूचा विचारच न केलेला असणे निराळे.

पालकवर्गापैकी कोणी म्हणतील, 'दुष्टाची बाजू मुलांस समजावून सांगणे धोक्याचे आहे. मुले त्याचाच कैवार घेतील.' ही चिंता आम्ही हलकी मानीत नाही. परंतु समजून घेणे आणि समर्थन करणे यांत अंतर आहे, व ते अंतर रुक्मिणीनेच आपणांस दाखविले आहे. तिने भावाचे प्राण मागितले. भावाबरोबर परत मात्र गेली नाही. त्याचे दुःख तिला कळत होते, त्याचा निर्णय तिला मान्य नव्हता.

उलट, हेतूवाचून दुष्टपणा करणारे शत्रू सतत पाहण्याचाच धोका आम्हांस अधिक वाटतो. वाईट मनुष्य म्हणजे भयंकर मुखाचा, प्रयोगशाळेत राहणारा, विनाकारण शहरे पाडणारा, अशी ज्याची समजूत झाली, त्यास खरा अन्याय ओळखता येणार नाही. कारण खरा अन्याय सभ्य वेष घालून येतो आणि त्याच्याजवळ नेहमी कारण असते. वर्गातील दुबळ्या मुलास चिडविणारा मुलगा स्वतःस राक्षस समजत नाही. 'त्यानेच आधी माझी खोडी काढली,' असे तो म्हणतो. मापात मारणारा दुकानदार म्हणतो, 'मलाही मुलेबाळे आहेत.' त्याहून कठीण गोष्ट अशी, की आपण स्वतः जेव्हा वाईट वागतो तेव्हा आपल्याही जवळ उत्तम कारण तयार असते. चांगल्या कथेतील प्रतिनायक ही कारणे आपल्यापुढे मांडतो आणि ती कोठे खोटी पडतात हे दाखवितो. वाईट कथेतील प्रतिनायक आपल्याला यांतले काहीच शिकवीत नाही. त्याला पाहून आपण निश्चिंत मनाने घरी जातो, की आपण काही असे नाही!

तेव्हा यापुढे एखादी वीरकथा वाचाल किंवा चित्रपट पाहाल, तर वीराने किती उंच उडी मारली एवढेच मोजू नका. त्याच्या शत्रूस काय हवे होते, ते त्यास का हवे होते, आणि दुसऱ्या कोणत्या मार्गाने ते मिळाले असते काय, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा. शक्य झाल्यास घरी वडीलधाऱ्या माणसांशी त्यावर बोला. उत्तरे सापडली तर ती कथा पुन्हा पाहण्याजोगी समजावी. न सापडली तर कितीही दिवे झळकोत व इमारती कोसळोत, ती एकदा पाहून सोडून द्यावी. आणि सुट्टीत कधी कौंडिण्यपुरास जाणे झाले, तर तेथील काठावर उभे राहून रुक्मिणीबरोबर रुक्मीचेही स्मरण करावे; वर्धेचे ते पाणी पुढे आपल्याच गावावरून वाहत जाते.