परदेशी जाताना मुलांच्या आरोग्याची शिदोरी



मागच्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा जर्मनीला गेला. वडिलांना तिकडे नोकरी लागली. आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या तेव्हा मी प्रगतिपुस्तक दिलं, शुभेच्छा दिल्या. आरोग्याबद्दल मात्र एक शब्द विचारला नाही. महिनाभराने त्यांचा फोन आला. "बाई, धाकटीचा बालवाडीतला प्रवेश अडलाय. गोवराच्या लसीचा पुरावा मागतात. कार्ड गावाकडे पेटीत राहिलं!"

जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर प्रतिबंधक कायदा लागू आहे. दोन वर्षांवरील मुलांना दोन डोसांचा पुरावा द्यावा लागतो. शाळेतही तो मागतात, बालवाडीत तर त्याशिवाय प्रवेशच नाही. आजीने कार्ड शोधून कुरिअरने पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी तारखा तपासल्या, मग काम झालं. तोवर आईला मुलीसाठी घरीच थांबावं लागलं. लस टोचलेली होती, फक्त कागद जवळ नव्हता!

त्यावरून मी पालकांसाठी ही यादी केली. उदाहरण जर्मनीचं आहे.

१) कार्ड : माता व बाल संरक्षण कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. हरवलं असेल तर निघण्याआधीच आरोग्य केंद्रातून नोंदी घ्या. मुलाचा रक्तगट, अ‍ॅलर्जी, जुने आजार डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

२) विमा : तिथे आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी विमा योजनेत मुलांची नोंद सहसा आई-वडिलांबरोबर, वेगळा हप्ता न भरता होते.

३) डॉक्टर : आपल्यासारखं थेट मोठ्या दवाखान्यात जायचं नसतं. आधी घराजवळचे फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ गाठायचे. काही ठिकाणी नवे पेशंट घेत नाहीत, म्हणून मूल बरं असतानाच डॉक्टर शोधून ठेवा.

४) दोन नंबर : जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. दवाखाना बंद आहे आणि ताप उतरत नाही, पण जिवाला धोका नाही, तेव्हा ११६११७. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा.

५) औषधं : चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. रोजची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. रात्री कुठलं औषध दुकान उघडं आहे, ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं.

वर्गातील कृती

'आपले शरीर' हा घटक शिकवताना मी आता फक्त अवयवांची नावं विचारत नाही. जोड्या पाडते. एक डॉक्टर, एक पेशंट. कुठे दुखतं? कधीपासून? सारखं दुखतं की थांबून थांबून? आधी मराठीत, मग तेच सोप्या इंग्रजीत. "पोटात कसंतरी होतंय" एवढंच सांगणारी मुलं आठवडाभरात "काल रात्रीपासून बेंबीजवळ दुखतंय" असं नेमकं सांगू लागली. परक्या भाषेच्या गावात आईलाही शब्द सापडत नाहीत, तेव्हा मुलाचं हे नेमकं सांगणं डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

ही शिदोरी फक्त विमानाने जाणाऱ्यांसाठी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलालाही परक्या गावात ताप येतोच. म्हणून शिक्षक मित्रांनो, कुणी दाखला मागायला आलं की एवढं एकच विचारा : "लसीचं कार्ड सोबत घेतलंत ना?"