घारीचा पंख

पानिपतहून दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर दिल्ली आहे. या साऱ्या प्रदेशात गावच्या उकिरड्यावर किंवा शहरातील मांसबाजारावर घिरट्या घालणारी घार हे नित्याचे दृश्य होय. दिल्लीत तर शिकारी पक्ष्यांची इतकी दाट वस्ती आहे की जगात तशी क्वचितच आढळते. मात्र त्याच आकाशात पतंगही उडतात आणि १५ ऑगस्टच्या सुमारास त्यांची गर्दी होते. काचेची पूड चढविलेला मांजा उडत्या घारीला दिसत नाही. नायलॉनचा मांजा तर तुटतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. परंतु चोरटी विक्री थांबलेली नाही.

दिल्लीतील नदीम शेहजाद व मोहम्मद सौद या बंधूंना सापडलेली एक जखमी घार पक्ष्यांच्या एका रुग्णालयाने मांसाहारी म्हणून स्वीकारली नव्हती. पुढे २००३ पासून त्यांनी स्वतःच्या घरी अशा पक्ष्यांवर उपचार आरंभिले, आणि २०१० मध्ये ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ ही संस्था उभी केली. शौनक सेन यांच्या २०२२ च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे वजिराबादमधील त्यांचे तळघर जगाला परिचित झाले.

मांजा बहुधा कोठे कापतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, त्वचेचा एक पातळ पडदा ताणलेला असतो व त्याच्या कडेतून एक कंडरा जाते. पंख उलगडला की हा पडदा शिडासारखा ताठ होतो. मांजा नेमका याच पडद्यात रुततो. सुटण्यासाठी पक्षी जितका फडफडतो, तितकी जखम खोल जाते. त्वचा शिवता येते. तुटलेली कंडरा जुळणे मात्र अवघड असते.

हाड मोडले असल्यास प्रश्न निराळा. कोपर व मनगट यांमध्ये दोन हाडे असतात. त्यांपैकी एकच मोडले तर शाबूत हाड दुसऱ्याला फळीप्रमाणे आधार देते. दंडाचे हाड पोकळ असून ते श्वसनाच्या हवापिशवीशी जोडलेले असते. म्हणून तेथील उघडी जखम धुताना पाणी श्वासमार्गात जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. पक्ष्यांची हाडे माणसाच्या हाडांपेक्षा लवकर, बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास, सांधू लागतात. पण तेवढा काळ पंख बांधून ठेवला तर सांधे आखडतात आणि पडदा आकसतो. बांधावे तर पंख ताठरतो, मोकळा सोडावा तर हाड हलते. या कात्रीतून वाट काढताना वैद्य ठरावीक दिवसांनी पट्टी सोडून, पक्ष्याला भूल देऊन, पंख हलकेच ताणून पाहतात.

जखमी घार सापडल्यास तिच्यावर जाड कापड टाकून तिला छिद्रे पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावे. चोचीपेक्षा नखरांचे भय अधिक. तोंडात पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. रुतलेला मांजा ओढू नये. लोंबणारा भाग कापून बाकीचा वैद्यावर सोडावा.

जखम भरल्यावर घारीला प्रशस्त पिंजऱ्यात उडू देतात. ती एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर सरळ जाते खरी; परंतु हवेतल्या हवेत वळून भक्ष्य उचलणे हा तिचा चरितार्थ आहे. वळताना एक पंख खाली झुकला, तर तिला पिंजऱ्यातच राहावे लागते.