आवाज शून्यावर ठेव आणि वाजव

धाकटे, डिजिटल पियानो घ्यायचा ठरवलास, बरं केलंस. ‘लेकीसाठी घेतेय’ असं सगळ्यांना सांगत सुटली आहेस, सांग बापडी. हात तुझेच शिवशिवतायत हे मला कळत नाही होय? सेकंड हँड घेतेयस, त्यालाही माझी ना नाही. फक्त विकणाऱ्याने वाजवून दाखवलेलं एखादं गाणं ऐकून हुरळून जाऊ नकोस.

आधी मला सांग, पियानोच हवाय की कीबोर्ड चालेल? मागे ठेका लावून भावगीतं, भजनं वाजवायची असतील तर 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पुष्कळ झाला. पैसेही बरेच कमी लागतील आणि काम झालं की कपाटावर टाकता येईल. लेकीला ट्रिनिटीच्या परीक्षांना बसवायचं असेल तर तिच्या शिक्षकांना आधीच विचार, कारण पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड या तिथे दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पियानोच ठरला, तर मात्र 88 पट्ट्या हव्यात आणि त्याही वजनदार. जाहिरातीत नुसतं ‘88 की’ लिहिलेलं असतं. ‘हॅमर ॲक्शन आहे का?’ हे आपण होऊन विचारायचं.

एवढा हट्ट का, तर तू पेटीवर शिकलेली. पेटीत जोर भात्याचा असतो. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात, आवाजात काही फरक पडत नाही. पियानोत सगळा खेळ बोटांचा. खर्जाकडच्या पट्ट्या जड, वर जावं तशा हलक्या होत जातात आणि जितक्या वेगाने पट्टी खाली जाईल तितका सूर मोठा. बिनवजनाच्या पट्ट्यांवर हे बोटांना कधी कळतच नाही.

आता बघायला जाशील तेव्हाचं सांगते. पियानो चालू करायचा आणि आवाज पार शून्यावर न्यायचा. विकणारा चक्रावेल, चक्रावू दे. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्या, काळ्यासुद्धा, एकेक करून दाब. फक्त पट्ट्यांचा आवाज ऐक. सगळ्यांची धप सारखीच यायला हवी. एखादी टकटक करत असेल तर तिच्या खालची गादी झिजलेली असणार. एखादी शेजारणीपेक्षा खाली बसली असेल किंवा दाबल्यावर रेंगाळत वर येत असेल, तीही लक्षात ठेव.

मग आवाज निम्म्यावर आण आणि पुन्हा तेच कर. प्रत्येक पट्टी एकदा अलगद, एकदा जोरात. साधारणपणे प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन-तीन संपर्क असतात. त्यातला एक आधी टेकतो, दुसरा मागोमाग, आणि मधला वेळ मोजून यंत्र सूर किती मोठा काढायचा ते ठरवतं. तिथे धूळ किंवा ओल गेली की पट्टी मुकी होते, नाहीतर अलगद दाबली तरी खेकसते. ‘एकच तर आहे हो’ असं म्हणतील. ती एक बहुधा मधल्या सप्तकातली असते, म्हणजे रोज लागणारी! दुरुस्ती होते, पण त्यासाठी अख्खा पियानो खोलावा लागतो. तो खर्च किमतीतून कापून माग.

पेडल लावून सूर लांबतो का बघ. सोडल्यावर लांबत असेल तर घाबरू नकोस, दुसऱ्या कंपनीचं पेडल उलटं चालू शकतं. हेडफोन स्वतःचा ने, दोन्ही कानांत आवाज यायला हवा. ॲडॉप्टर मूळचाच आहे ना, हे विचारायला विसरू नकोस. अमेरिकेहून परतलेल्या कुणाचा पियानो असेल तर मागचं लेबल नीट वाच. नुसतं 120 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 च्या प्लगमध्ये थेट घालायचा नाही.

यामाहाचा पी-45 किंवा पी-125, कॅसिओचा प्रिव्हिया, रोलँडचा एफपी-10, यांतलं काहीही धडधाकट मिळालं तर घे. मला रोलँडच्या पट्ट्या आवडतात. तुझी बोटं पेटीची, ती यामाहावर लवकर रुळतील. किंमत नव्याच्या निम्म्याच्या आसपास असावी. त्याहून फार वर जात असतील तर थोडे पैसे साठव आणि वॉरंटीसकट नवाच आण.

नाशकात शोधायचं तर देवळाली कॅम्प आणि ओझरकडे कान ठेव. तिथे बदल्या होतात आणि बदली झाली की माणसं जड सामान विकून मोकळी होतात. दहावीचं वर्ष आलं की गंगापूर रोडवरच्या घरांतूनही क्लासच्या नावाखाली वाद्यं बाहेर पडतात. पण एक बजावून ठेवते. ‘मी फौजी आहे, बदली झालीय, आधी टोकन पाठवा’ असा फोन आला तर सरळ ठेवून दे. फौजीचं नाव सांगून फसवणारे खूप आहेत. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करायचा नसतो, हेही ध्यानात असू दे. पियानो समोर, हात पट्ट्यांवर, मगच पैसे.

घरी आणलास की स्टँडखाली जाड सतरंजी घाल. हेडफोन लावलास तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जातेच, आणि रात्री अकरा वाजता खालचे काका बेल वाजवतील. पावसाळ्यात खिडकीपाशी ठेवू नकोस.

यातले बरेचसे पियानो साधारण 132 सेंटिमीटर लांब आणि 11-12 किलोंचे असतात, त्यामुळे स्कूटीवरून आणायचा विचारही करू नकोस. जायचा दिवस ठरला की फोन कर, मी गाडी घेऊन येते. मागची सीट पाडली की आडवा बसतो.