साखळीचे झाकण

फटफटीच्या इंजिनाजवळ एक लहान दातेरी चाक असते. ते साखळी ओढते. साखळी मागचे चाक फिरवते. या दातेरी चाकावर झाकण असते.

काही जण म्हणतात, "झाकणात चिखल साचतो. काढून टाका की!"

चिखल साचतो, हे खरे. पण झाकण नसले तर काय होईल? धोतराचा सोगा साखळीत अडकेल. पोराने हात घातला तर बोट तुटेल. साखळी तुटली तर पायावर येईल.

मग काय करावे? आधी इंजिन बंद करावे. झाकण खोलावे. चिखल व जुने वंगण पुसावे. झाकण पुन्हा घट्ट बसवावे.

चिखल काढा, झाकण ठेवा. चिखल धुता येतो. तुटलेले बोट परत येत नाही.