पाय थांबू न देणारी सायकल

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून साताऱ्याला आला, तो एक सायकल घेऊनच. तो तिकडे इंजिनिअरिंगला आहे. सायकल दिसायला सुटसुटीत, वजनाला हलकी. गिअर नाहीत, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. कॉलेजात असताना पाच वर्षे मी रोज सायकल दामटलेली. त्यामुळे "मामा, जपून हं, ही गाडी वेगळी आहे," हे त्याचे बोलणे मी अर्धवटच ऐकले आणि निघालो.

राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना उतार लागला. सवयीप्रमाणे मी पायडल मारणे थांबवले. पाय थांबले, पायडल थांबले नाही! मागून कोणी ढकलावे तसा मी सीटवरून उचलला गेलो. ब्रेक दाबायला बोटे पुढे केली, तर हँडलला ब्रेकच नव्हता. शेवटी रस्त्याच्या कडेला अंग टाकले. कोपर आणि गुडघा सोलवटला. मागून वाहन येत नव्हते, म्हणून एवढ्यावरच निभावले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी पेशंटला काही विचारण्याआधी पेशंटच मला विचारत होते, "डॉक्टर, काय झालं?"

अशा सायकली आता आपल्या भागातही तरुण मुलांकडे दिसू लागल्या आहेत. म्हणून या आठवड्यात त्यांच्याविषयी.

ही सायकल असते कशी?

आपल्या नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि कर्रकर्र आवाज येतो, तो या फ्रीव्हीलचाच. फिक्स गिअरच्या सायकलला फ्रीव्हील नसते. मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के बसवलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. लहान मुलांच्या तीनचाकी सायकलचे पायडल पुढच्या चाकाला जोडलेले असते. तेच तत्त्व, फक्त इथे मध्ये चेन आहे.

शर्यतीच्या गोल, उतरत्या कडांच्या ट्रॅकवर अशाच सायकली चालवतात. दिल्लीला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्या आपल्याकडेही पाहायला मिळाल्या. ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतात, हे खरे. पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि मध्येच म्हैस आडवी येत नाही. उलट कोणी अचानक ब्रेक मारला, तर मागचे दहाजण त्याच्यावर आदळतील. ट्रॅकवर ब्रेक नसण्यात शहाणपण आहे. रस्त्यावर तोच प्रकार जिवावर बेतणारा आहे.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी लिहीत नाही. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेली अशीच एक सायकल रस्ता ओलांडणाऱ्या ४४ वर्षांच्या महिलेला धडकली. डोक्याला मार लागून ती दगावली. मागे दोन लहान मुले राहिली. सायकलस्वार तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. २०१७ साली त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. ब्रिटनच्या नियमानुसार अशा सायकललाही पुढचा ब्रेक लागतोच.

माझ्या भाच्याने "दिसायला बरं दिसतं" म्हणून दोन्ही ब्रेक काढून ठेवले होते. मागचे चाक पायाने जाम करून घसरत थांबायचे, ही त्याची युक्ती. पण थांबताना शरीराचे वजन पुढे जाते, मागचे चाक हलके होते आणि नुसतेच घसरते. खरी पकड पुढच्या चाकाची असते. म्हणून पुढचा ब्रेक हवाच, आणि नवशिक्याने दोन्ही ठेवावेत.

शिकायचे कसे?

पडल्यानंतर मी हट्टाने शिकलो. पहाटे रिकाम्या मैदानावर, भाच्याच्या देखरेखीखाली. तो क्रम असा :

१) चढणे. आपण डावा पाय पायडलवर ठेवून, उजव्या पायाने दोन-चार ढकला देऊन टांग मारतो. इथे तसे करू नका. सायकल पुढे सरकली की पायाखालचे पायडलही फिरू लागते आणि तोल जातो. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नळीवर उभे राहा. पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक किंचित उचला आणि एक पायडल पुढे, थोडे वर येईल असे फिरवून घ्या. मग त्यावर जोर देऊन निघा.

२) थांबणे. वेगात जाण्याआधी थांबायला शिका. पायडल पुढे येत असताना पायाने हळूहळू विरोध करायचा, एकदम अडवायचे नाही. त्याच वेळी ब्रेक दाबायचा. सायकल पूर्ण थांबल्यावरच पाय खाली. पहिला आठवडा मी एवढेच केले.

३) वळणे. नेहमीच्या सायकलवर वळताना आतल्या बाजूचे पायडल वर धरता येते. इथे ते फिरतच राहते आणि सायकल जास्त कलली की जमिनीला टेकते. म्हणून वेग वळणाआधी कमी करावा. खड्डे आणि गतिरोधक यांनाही हाच नियम.

४) उतार. हा सगळ्यात शेवटी. वेग वाढला की पायही तेवढेच भराभर फिरतात आणि एकदा पायडल सुटले की फिरते पायडल नडगीवर बसते. यासाठी पायडलला पट्टे असतात, पण ते सोडवण्याचा सराव आधी मैदानात करावा. यवतेश्वरच्या घाटासारखे उतार नवशिक्याने या सायकलवर उतरूच नयेत.

गुडघ्याचे गणित

भाच्याच्या सायकलला पुढे ४८ दाते आणि मागे १५ होते. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ पावणेसात मीटर जाणार. सपाटीला हे छान वाटते. पण आपल्या चढाला प्रत्येक वेळी सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. "मामा, जिना उतरताना गुडघा पुढून दुखतो," असे तो म्हणालाच होता. मागे १८ दात्यांचे चक्र आणि त्या मापाची चेन बसवल्यावर एका फेऱ्याला सुमारे साडेपाच मीटर झाले. पाय जास्त फिरतात, पण भार कमी येतो. सुरुवातीला असेच ठेवावे.

सीटची उंचीही तपासावी. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात. फार वर असेल तर कंबर डुलते आणि पाठ धरते.

पहिल्या काही दिवसांत मांड्या विलक्षण दुखतील. पायाने चाकाला विरोध करताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. अशा कामाची सवय नसते, म्हणून दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग ओसरते. पण सांध्यात दुखत असेल किंवा सूज आली असेल, तर सायकल बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

बोटे सांभाळा

आता एक वाईट आठवण. कॉलेजात जाणारा एक मुलगा अशीच सायकल उलटी करून चेन पुसत होता. चाक फिरवून दिले आणि फडके चेनवर धरले. फडक्याबरोबर बोट दात्यांत गेले. नेहमीच्या सायकलला पायडल थांबते; इथे चाकाचा सगळा जोर चेनमधून बोटावर आला. शेंडा तुटला. घरच्यांनी तो स्टीलच्या डब्यात थेट बर्फात घालून आणला. आधीच चिरडलेला, त्यात बर्फाने गारठलेला तो तुकडा सर्जनना बसवता आला नाही.

म्हणून लक्षात ठेवा : चेन पुसायची ती चाक स्थिर असतानाच. आणि असा प्रसंग कोणावर आलाच, मग तो कडबाकुट्टीच्या यंत्राने का असेना, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, कॉफी पूड काही लावू नये. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवून ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ तुकड्याला लागता कामा नये. मग वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जावे.

ओढणी, साडीचा पदर, सैल पायजमा, लोंबणारी बुटाची नाडी यांनाही हीच चेन ओढते आणि पाय थांबवून सुटका होत नाही. कपडे आवरूनच बसावे. चेन मध्यावर बोटाने दाबली असता सुमारे एक सेंटीमीटर हलावी. सैल असेल तर ती उतरते आणि चाक जाम होऊ शकते.

काही मुले साधे फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करून घेतात. हे मुळीच करू नये. पायाने उलटा जोर दिला की ते आटे सोडून निघू शकते. खऱ्या फिक्स हबला चक्र अडवणारी उलट्या आट्यांची रिंग असते.

कोणी या वाटेला जाऊ नये?

हृदयविकार, फिट्स किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गुडघा वा खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांनी ही सायकल टाळावी, कारण दम लागला म्हणून मध्येच पाय सोडता येत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. या सायकलने व्यायाम दुप्पट होतो, असे काही मुले सांगतात. तसे काही नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास दम वाढेल इतपत सायकल चालवली, तर हृदयाला हवा तो फायदा साध्या सायकलनेही मिळतो.

मग ही सायकल चालवायचीच कशाला? आवडते म्हणून! दोन आठवड्यांनी पाय आणि चाक एक झाल्यासारखे वाटू लागले, तेव्हा भाच्याला काय आवडते ते मलाही कळले. पण दोन्ही ब्रेक आणि डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय सायकल फाटकाबाहेर जाणार नाही, असा हुकूम मी सोडला. दोन दिवस तो फुगून बसला होता. ब्रेक बसवूनच पुण्याला गेला.

परवा त्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "मामा, पुढचे ब्रेक रबर झिजले होते, नवे घातले."

रबर झिजले, म्हणजे ब्रेक लावला जातो आहे. मला बरे वाटले.